वामनकाकांचे चार इसम

मेडशीचे वामनकाका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले की नमस्काराआधी एक खुलासा करतात.

"आज मारुती आला हाये, बाबूसायेब."

किंवा, "आज वामनच हाये. बसतो जरासा."

मारुती आला असेल तर खुर्ची पुढे करण्यात अर्थ नसतो. मारुती उभ्यानेच चहा पितो, शिपायाला एकेरीत बोलावतो आणि साहेबांच्या खोलीचा पडदा स्वतःच्या हाताने बाजूला सारतो. वामन आला असेल तर तोच देह, तेच धोतर, तीच टोपी. परंतु चपला टेबलापासून दोन हात दूर निघतात आणि शिपायालाही 'सायेब' म्हटले जाते. काकांचे वय सत्तरीपलीकडचे आहे. कचेरीच्या भिंतीला लागून बसणारे आम्ही सर्व अर्जनवीस त्यांना ओळखतो. माझे समव्यावसायिक त्यांना चक्रम समजतात. मी समजत नाही, आणि जे समजतात त्यांच्यासाठीच मुख्यत्वेकरून हा मजकूर आहे.

माझे औपचारिक शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. परंतु वाशीममध्ये अर्ज लिहिणारे पुष्कळ असले तरी मजकूर लिहिणारा एकच आहे, असे दोन तहसीलदारांनी मला तोंडावर सांगितले आहे. तेव्हा वाचकाने निर्धास्त असावे.

काकांच्या नावांचा तपशील असा. 'वामन' हे बापाने ठेवलेले. सातबाऱ्यावर आणि आधार कार्डावर तेच आहे. तरुणपणी ते कारंजा लाडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला जात. तिथे आधीच दोन वामन होते, म्हणून मुकादमाने पहिल्याच दिवशी यांना 'मारुती' करून टाकले. तिसरे नाव 'दिलीपचे बाबा'. काकू त्यांना त्याच नावाने हाक मारीत. आणि चौथे नाव 'सुखदेव'. ते फक्त गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना अशी दोन-चार नावे असतात आणि आपण ती एकाच खुंटीवर टांगतो. काका टांगत नाहीत. त्यांच्या मते ते चार निरनिराळे इसम आहेत आणि एकाचे दुसऱ्याला लावणे हा अन्याय आहे. "ज्याचं त्याले," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

एकदा कारंज्याचा एक म्हातारा त्यांना शोधत माझ्या टेबलापर्यंत आला. जिनिंगच्या दिवसांत काकांनी त्याच्या कानाखाली वाजवली होती आणि पन्नास वर्षे झाली तरी त्याचा तो कान वाजत होता.

"थे मारुतीनं केलं," काका शांतपणे म्हणाले.

"अबे, मंग मारुती कोन हाये?"

"थो जिनातच राह्यला. पन मारुतीच्या वतीनं वामन तुह्या पाया पडते." आणि भर रस्त्यात ते खरोखर पाया पडले. म्हातारा विरघळून गेला. तो गेल्यावर काका मला हळूच म्हणाले, "मारुती काई पडला नसता, बाबूसायेब. थो अजूनबी म्हनते का थ्यानं पयले शिवी देल्ली होती."

दिलीपचे बाबा माझ्याकडे एकदाच आले, काकूंच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी. दाखला घडी करून बंडीच्या खिशात ठेवताना म्हणाले, "आता दिलीपच्या बाबाले यायचं काम नाई पडनार." त्यानंतर ते आले नाहीत.

सुखदेव मात्र कधीच आला नव्हता. हे माझ्या लक्षात होते, परंतु मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

गेल्या उन्हाळ्यात काकांची नात, दिलीपची मुलगी पल्लवी, बारावी झाली. तिला शिक्षिका व्हायचे होते आणि डी.एड.च्या राखीव जागेसाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागत होते. पडताळणीला जुना पुरावा लागतो. घरातला सर्वांत जुना कागद म्हणजे गावच्या शाळेतला आजोबांचा दाखला. पल्लवीने मुख्याध्यापकांकडून उतारा काढून आणला. त्यावर जात होती, बापाचे नाव किसन होते, गाव मेडशी होते. फक्त मुलाचे नाव सुखदेव होते.

अशा प्रसंगासाठी माझ्याजवळ एक प्रतिज्ञालेख आहे. 'वर नमूद दोन्ही नावे एकाच इसमाची असून तो इसम मीच आहे, असे मी सत्य प्रतिज्ञेवर कथन करतो.' या एका वाक्याने मी जिल्ह्यातल्या किती तुटलेल्या माणसांना सांधले, याची मोजदाद ठेवलेली नाही. मी तो मजकूर लिहिला, काकांना वाचून दाखवला आणि पेन पुढे केले.

काकांनी हात मागे घेतला.

"हे नाई लिवता येनार."

"का बरं?"

"थो इसम मी नाई."

मी हसलो. "काका, तुमचं ते चार इसमांचं प्रकरण गावात चालतं. ही कचेरी आहे. इथे माणशी एकच इसम."

"मंग कचेरीले सांगा, मोजनी चुकली तुमची."

"आबाजी!" पल्लवी रडकुंडीला आली. "अठ्ठावीस तारीख शेवटची हाये. तुमची एक सही पायजे फक्त."

"सहीले ना नाई, बेटा. म्हनशीन थ्या कागदावर वामनची सही देतो. खोट्यावर नाई देत."

"शाळेत तुम्हीच जात होते ना?"

"मीच जात होतो."

"रजिस्टरात नाव सुखदेव हाये ना?"

"हाये."

"मग सुखदेव कोण?"

काकांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. "ज्याचं त्याले," म्हणाले आणि मेडशीच्या बसला चालते झाले.

दुसऱ्या दिवशी पल्लवी आजोबांना घेऊन पुन्हा हजर झाली. यावेळी तिच्या हातात बारावीचे गाइड होते. तिला समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान असे सगळेच विषय होते आणि 'स्व म्हणजे काय' या प्रश्नावर तिने मार्कही चांगले मिळवले होते. आजोबांना शास्त्रानेच वळवायचे, असा तिचा बेत होता. मला तो पसंत पडला. मी हातातला अर्ज बाजूला ठेवला.

"आबाजी, ऐका. मानसशास्त्र म्हणते, आपल्याला स्वतःबद्दल जे वाटते तो आपला स्व."

"मले काय वाटते थे इचारलं कोनं आजवर?"

"बरं. समाजशास्त्र म्हणते, लोक आपल्याला जसं पाहतात तसे आपण घडतो. लोक म्हणजे आरसा."

"मंग वावरात मी एकलाच असतो, तवा बैलाचा डवरा कोन हाकते? आरसा?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे खुर्च्या ओढून जवळ आले. पल्लवीने पान उलटले.

"मानवशास्त्र म्हणते, काही समाजांत माणूस एकटा नसतोच. कोणाचा बाप, कोणाचा भाऊ, कोणाचा मामा, हीच त्याची ओळख."

काकांनी गाइडाकडे बोट केले. "हे कोनं लिवलं?" त्यांनी विचारले. "शाना दिसते." 

पल्लवीला तिथेच थांबता आले असते. परंतु तिने तिचा हुकमी एक्का मागे ठेवला होता. "आणि तत्त्वज्ञान म्हणते, ज्याची आठवण आपल्याला असते तो माणूस आपणच. तुम्हाला शाळा आठवते ना? म्हणजे सुखदेव तुम्हीच."

"मले म्हैसबी आठवते. मंग मी म्हैस काय?"

सगळे हसले. पल्लवी हसली नाही. तिने गाइड मिटले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मला त्या क्षणी काकांचा संताप आला. मी त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले की मारुतीने कानाखाली वाजवली तर वामनने पाया पडून भागते, परंतु सुखदेवाच्या हट्टापायी पोरीचे वर्ष गेले तर कोणाच्याही पाया पडून ते परत येणार नाही. चार इसमांपैकी एकालाही नातीची दया येत नसेल, तर चौघांनीही उद्यापासून माझ्या टेबलाकडे येऊ नये.

काका निघून गेले नाहीत. ते बसले. वामनसारखे बसले नाहीत आणि मारुतीसारखे उभे राहिले नाहीत. मी त्यांना तसे कधी पाहिले नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, जसे शाळेत तरटपट्टीवर बसलेले पोर.

"सुखदेव माहा मोठा भाऊ," ते म्हणाले.

पल्लवीने मान वळवली. हे तिलाही ठाऊक नव्हते.

"त्याचं नाव शाळेत घातलं आन् महिन्याभरात थो तापानं गेला. मास्तरच्या पटावर पोट्टे कमी होते. मास्तर घरी आला आन् मायले म्हने, बाई, नाव तं लागलंच हाये, या लहान्याले पाठवा त्याच्या जागी. मी पाच वर्साचा. मास्तरनं मले बजावलं, कोनी पुसलं तं सुखदेव सांगजो. कोनाले बोलशीन तं माही नोकरी जाईन. म्हनून मी बोललो नाई."

"काका, ते मास्तर जाऊन जमाना झाला असेल."

"म्हनून काय झालं? बोली तं बोली." ते म्हणाले. "रोज सकाई मास्तर पुकारे, सुखदेव किसन. आन् मी म्हनो, हजर. चार वर्सं. पयल्या दिवशी घरी येऊन मी मायले सांगतलं, का मास्तरनं दादाले पुकारलं. माय चुलीपाशी होती. भाकर थापतच राह्यली. दुसऱ्या दिवशी मले म्हने, जोरानं म्हनत जाय."

शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आपापल्या जागी गेले.

"त्याचा फोटू नाई, बाबूसायेब. जलमाची नोंद नाई, मेल्याची नाई. माय गेली, बाप गेला. त्याले पाह्यलेला मानूस दुनियेत मी एकलाच राह्यलो. साऱ्या सरकारात त्याचा एवढाच एक कागद हाये. आन् तुमी मले म्हनता, लिवून दे का थो नव्हताच, थो बी मीच होतो. कसा लिवून देऊ?"

मी माझा प्रतिज्ञालेख टेबलावरून उचलला आणि फाडला. याआधी मी स्वतःचा मजकूर कधी फाडलेला नाही.

मग कोरा कागद घेतला. कायद्याच्या दृष्टीने बाब सोपी होती आणि ती मला अगोदर सुचली नाही, हे मी इथे कबूल करतो. आजोबांचा दाखला नसेल तर आजोबांच्या सख्ख्या भावाचा पुरावाही रक्ताच्या नात्यातलाच. मी लिहिले: 'रजिस्टरातील सुखदेव किसन हा माझा सख्खा थोरला भाऊ असून तो बालपणी मयत झाला. नोंद त्याची आहे. तदनंतरची हजेरी माझी आहे. दोन्ही नावे दोन इसमांची असून ते दोघे एका आईबापाची लेकरे आहेत, असे मी सत्य प्रतिज्ञेवर कथन करतो.'

वाचून दाखवले. काकांनी 'दोन इसमांची' हे शब्द पुन्हा वाचायला लावले. मग सही केली: वामन किसन. नोटरी करणाऱ्या वकीलसाहेबांनी मला बाजूला घेऊन सुनावले की नेहमीच्या साच्यात सरळ जमत असताना असे वाकडे कोणी लिहिते का. मी त्यांना सांगितले की वाकडा साचा होता, मजकूर सरळ आहे. शिक्का मारा.

प्रमाणपत्र पुढे रीतसर मिळाले आणि पल्लवी आता डी.एड.ला आहे. परंतु मला सांगायचे आहे ते पडताळणी कार्यालयातल्या त्या सकाळचे. बाकावर आम्ही तिघे बसलो होतो. आतला बाबू फाइल उघडून, मान वर न करता, उताऱ्यावरचे नाव पुकारू लागला.

"सुखदेव किसन!"

काका ताडकन उभे राहिले. हात आपोआप शरीराला चिकटले, हनुवटी वर झाली. ओठ 'ह'साठी उघडले, हे मी पाहिले.

"सुखदेव किसन कोण आहे? हजर आहे की नाही?"

"गैरहजर हाये, सायेब," काका म्हणाले. जोरानं म्हणाले, व्हरांड्यातली माणसेसुद्धा वळली. "मी वामन. त्याचा लहाना भाऊ."

बाबूने मान वर केली, फाइलीतला माझा कागद वाचला, आणि पेन उघडले.

"हजेरी तशीच लावा जी," काका म्हणाले. "चार वर्सं मी खोटी लावली."