तारेंचा चुकलेला आकडा

तारेंनी माझ्या उकडीच्या मोदकांना शून्य दिला, तिथून आमची ओळख सुरू झाली.

गणपतीचे दिवस होते. उज्जैनला माधवनगरातल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन शेजारी आले होते. पुण्याहून परत आपल्या गावी आलेले, एकटेच. म्हणून मी ताट घेऊन गेले. त्यांनी दारातच एक मोदक खाल्ला, डोळे मिटले आणि अगदी तृप्त आवाजात म्हणाले, "शून्य." मी ताट तिथेच ठेवलं आणि घरी येऊन यांना सांगितलं, की या माणसाकडे आपल्या घरातून आता साधं लिंबूसुद्धा जाणार नाही.

यांनी बँकेत जन्म काढलेला, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय चैन पडत नाही. कळलं ते असं. तारे सॉफ्टवेअरवाले, काम घरूनच. त्यांच्या धंद्यात एक प्रोग्रॅम दूर कुठेतरी बसलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमला काम सांगतो. मग त्या दुसऱ्याने काम झालं की नाही, आणि नसेल झालं तर का नाही, हे एका ठरलेल्या आकड्यात कळवायचं. गप्पा मारायच्या नाहीत. शून्य म्हणजे काम झालं, काही तक्रार नाही. त्याहून वरची शाबासकी त्यांच्या यादीतच नाही. मग मी उरलेले मोदकही पोचवले.

शून्य ते सोळा एवढ्या आकड्यांत हा गृहस्थ सगळा संसार उरकायचा. दारात कोणी विमा विकायला आला की "सोळा", म्हणजे आधी तुम्ही कोण ते सिद्ध करा. हळदीकुंकवाहून मी स्टीलची आणखी एक वाटी घेऊन आले की जिन्यातच "सहा", म्हणजे ही आहे आधीच. त्यांच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला मी हात घातला, की आतून "सात" ऐकू यायचं. परवानगी नाही. आणि लगेच बाहेर येऊन स्वतःच चांगली मोठी डहाळी तोडून द्यायचे.

एका बाबतीत मात्र चेष्टा चालायची नाही. "चूक होते वहिनी, माणूस आहे," ते म्हणायचे, "पण कोणती चूक झाली ते सांगणारा आकडा गलत नको. समोरचा त्याच्यावर पुढचं ठरवतो."

याचा प्रसाद नानाखेड्याच्या प्लंबरला मिळाला. तो फोनवर रोज "बस, निकल ही रहा हूँ" म्हणायचा आणि यायचा नाही. तारेंनी त्याला खुर्चीवर बसवून, चहा पाजून समजावलं की भैया, तू झीरो बोलतोस आणि असतो चौदा. चौदा म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने विचारा. आता तो प्लंबर सगळ्या इमारतीला "आज चौदह है, आंटी" असं खरं सांगतो. येत तो अजूनही नाहीच, पण निदान आपण वाट बघत बसत नाही.

चौदालाही नियम होता. पुन्हा विचारायचं, पण दर खेपेला आधीच्या दुप्पट थांबून. सारखं विचारलं तर समोरचा बिचारा परत उभाच राहू शकत नाही म्हणे.

नवरात्रात एका सकाळी मी कढीपत्त्याला गेले, तर तारे गॅलरीत फोन समोर धरून बसलेले. फोन ते नेहमी स्पीकरवरच लावतात. घंटी वाजत राहिली आणि आपोआप बंद पडली. मी विचारलं, कोण? तर मंदार, त्यांचा मुलगा. पुण्यात नोकरीला.

"उचलत नाही?"

"चौदा," ते म्हणाले. "सात नाही. सात असता तर परत करायचाच नसतो."

पुढचा फोन कधी, असं विचारल्यावर म्हणाले, आता दिवाळीनंतर. म्हणजे दुप्पट दुप्पट करत माणूस कुठवर आला होता! मी खुर्ची ओढून बसलेच. हळूहळू सगळं निघालं. मुलाने विचारलं होतं, नोकरी सोडून उज्जैनला येतो, भैरूगढला कापडावरची बाटिक छपाई शिकतो, चालेल का? आणि बापाने उत्तर दिलं होतं, "तीन." तीन म्हणजे मागणीच मुळात चुकीची, केव्हाही मागा, उत्तर हेच. मुलगा लहानपणापासून हे आकडे ऐकत वाढलेला. त्याने फोन ठेवला, तो ठेवलाच.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अहो, पोर आपण होऊन घरी येतो म्हणालं आणि तुम्ही त्याला आकडा सुनावलात?

तारे कुंडीतली सुकलेली पानं खुडायला लागले. "मला वाटलं, छपाई बहाणा आहे. आई गेली, बाप एकटा पडला, म्हणून येतोय. माझ्यापायी त्याने नोकरी सोडायची, हे नाही झालं सहन."

"मग यात त्याच्या मागण्यात काय चुकलं?" मी विचारलं. "तयारी तर तुमची नव्हती."

त्यांनी मान वर केली. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "नऊ होता, वहिनी," ते हळूच म्हणाले. नऊ म्हणजे मागणी बरोबर आहे, ज्याच्याकडे मागितलं त्याचीच तयारी नाही. तयारी झाली की परत मागावं.

त्यांनी लगेच मंदारला मेसेज लिहायला घेतला. तीन गलत होता, नऊ पाहिजे होता, एवढंच. मी विचारलं, दिवाळीपर्यंत थांबायचं होतं ना? तर म्हणाले, तो परत विचारण्याचा नियम, ही दुरुस्ती आहे, दुरुस्तीला थांबायचं नसतं. अशा वेळीही नियम काढणाऱ्या माणसाला काय म्हणावं!

मेसेज गेल्यावर मी त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा टाकला. तो गाळेपर्यंत फोन वाजला.

"बाबा," पलीकडून मंदारचा आवाज आला. "आता आहे तयारी?"

तारेंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता शून्य येणार.

"ये बेटा," ते म्हणाले. "छपाई शिक, नाहीतर नको शिकू. दोनच खोल्या आहेत रे, पण एकट्याला फार मोठ्या होतात."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, मी का लपवू? फोन ठेवून तारेंनी चष्मा पुसला आणि उगाचच खोलीभर नजर फिरवली.

"वहिनी, तुमच्याकडे जास्तीची गादी असेल का?"

"आहे ना," मी म्हटलं, आणि ऊन होतं तोवर ती गच्चीवर टाकायला उठले.