गाडीत वाजवण्याच्या यंत्राच्या खरेदीबाबत

बाबांच्या गाडीसाठी गाणी वाजवणारं एक छोटं यंत्र घ्यावं, असा निर्णय आमच्या घरात एकमताने झाला. एकमताने म्हणजे मी एकटीने घेतला. एकट्याने घेतलेल्या निर्णयाला आमच्या घराण्यात निर्णय म्हणत नाहीत, परस्पर केलेला उद्योग म्हणतात. त्यामुळे प्रकरण काकांकडे गेलं.

यंत्राची गरज काय, ते आधी सांगायला हवं. आई गेल्यापासून बाबांनी गाडी काढली नव्हती. आयुष्यभर ते गाडी चालवत आले आणि आई शेजारी बसून त्यांना चालवत आली. रेडिओवर गाणं लागलं की ती बरोबर म्हणायची, आणि मधल्या मोकळ्या जागेत सूचना द्यायची. असं एक तासाभराचं ध्वनिमुद्रण तिच्या फोनमध्ये निघालं. तिला खरं तर रेडिओवरचं गाणं टिपून घ्यायचं होतं. पण गप्प बसून गाणं टिपायचं हे तिला जमलं नाही. पाठीमागे रेडिओ, पुढे आई, असा तो तास आहे. तिचा फोन कायमचा बंद पडण्याआधी मी ते मुद्रण माझ्या फोनवर घेतलं आणि गाडीत लावून बाबांना चालवायला बसवलं. बाबा चौकापर्यंत छान गेले. आई कडव्याच्या मध्यात होती, तेवढ्यात त्याच फोनवर एका बाईने तिला तोडून विचारलं की आपल्याला सुलभ हप्त्यांत कर्ज हवंय का. बाबांनी गाडी कडेला लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि ते चालत घरी गेले.

तेव्हा मला फोन नको होता. फक्त वाजवणारं, कोणाचं काही ऐकून न घेणारं यंत्र हवं होतं.

काका एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेत. विभाग मात्र त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. घरात झाडू आणायचा तरी ते तीन दुकानांतून दरपत्रकं मागवतात. त्यांना सगळे खरेदीकाका म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

"यंत्र घ्यायला माझी हरकत नाही," काका म्हणाले. "पण आधी गरजनिश्चिती. गाणी किती?"

"एकच मुद्रण, तासाभराचं."

"क्षमता किमान दहा हजार गाण्यांची ठेवू."

"काका, आपल्याकडे एकच आहे."

"आज एक आहे. आजचं बघून कोणी धोरण ठरवतं का?"

मग प्रवासाची व्याख्या झाली. प्रवासात पाऊस येतो, म्हणून यंत्र पाण्यात टिकणारं हवं. पाऊस फार आला तर गाडी वाहून जाऊ शकते, म्हणून ते खोल पाण्यातही टिकायला हवं. तळाशी गेल्यावर ते दिसलं पाहिजे, म्हणून रंग पिवळा. अशा परिस्थितीत आम्ही कुठे असू, हा मुद्दा कार्यकक्षेबाहेरचा असल्याने घेतला गेला नाही.

तांत्रिक सदस्य म्हणून काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, आला. हा स्वतःला कानसेन म्हणवतो. तानसेन होणं त्याला सुरातल्या एका किरकोळ अडचणीमुळे जमलं नाही. डोळे मिटून तो तारांच्या जाडीतला फरक ओळखतो आणि त्याची आई हाक मारते तेव्हा मात्र त्याला ऐकू येत नाही.

"ताई, तुझं ते मुद्रण मी ऐकलं," तो म्हणाला. "दर्जा अगदीच सुमार आहे गं. यावर चांगलं यंत्र लावणं म्हणजे यंत्राचा अपमान आहे."

"बाबांना चालतंय ते."

"मोठ्या काकांना चालतंय, कारण त्यांना सवय आहे. सवय हा काही निकष होत नाही."

बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटून म्हणाले, "लग्नाला तोच एक निकष लागू पडतो." कानसेनने ते टिपून घेतलं नाही.

आम्ही दुकानात गेलो. विक्रेत्याने एक पिवळं यंत्र दाखवलं आणि सांगितलं की असलं दुसरं बाजारात नाही. काकांना ही बातमी मुळीच आवडली नाही. दुसरं नसेल तर तुलना कशाशी करणार, आणि तुलना केली नाही तर निवड केली असं कसं म्हणणार. विक्रेता अनुभवी होता. त्याने आतून दोन बंद पडलेली यंत्रं आणून शेजारी मांडली.

"हे घ्या. हे चालत नाही, हेही चालत नाही. आता निवडा."

काका समाधानाने खुर्चीत टेकले. तुलनात्मक तक्ता करायला त्यांना दुपार लागली. पिवळं यंत्र थोडक्यात जिंकलं. बंद यंत्रांपैकी एक वजनाला हलकं असल्याने चुरस झाली होती.

घरी आल्यावर कानसेनने माझ्या फोनमधलं मुद्रण यंत्रात टाकलं आणि फोनमधून पुसलं. मी विचारलं तेव्हा काकांनीच उत्तर दिलं, "एक वस्तू दोन ठिकाणी नोंदली की लेखापरीक्षणात अडकते. भांडारात एक वस्तू, एक जागा."

"आपल्याकडे कोण येणार आहे परीक्षण करायला?"

"कोणी येत नाही, म्हणून तर आपण सावध राहायचं."

यंत्राने मुद्रण तपासलं. पडद्यावर अक्षरं आली: दर्जा अपुरा आहे, सुधारणा करावी का? खाली दोन पर्याय होते. एक, "हो". दुसरा, "थोड्या वेळाने हो". कानसेनने पहिला दाबला. यंत्र जरा वेळ गरम झालं, मग हिरवा दिवा लागला.

उद्घाटनासाठी सगळे काकांच्या बैठकीत जमलो. बाबांना मधली खुर्ची दिली. काकूने पंखा बंद केला, कारण कानसेनच्या मते पंख्याला स्वतःचा एक खालचा सूर असतो. यंत्र सुरू झालं आणि खोलीभर गाणं पसरलं. मूळ गायिका, सगळा वाद्यवृंद, प्रत्येक तार वेगळी. एखादी वादक खुर्चीत सावरून बसली तेही कळावं इतकं स्वच्छ.

"वा," काका म्हणाले.

"खर्ज ऐका खर्ज," कानसेन म्हणाला.

बाबांनी पूर्ण गाणं ऐकलं. दुसरं लागलं, तेही ऐकलं. ते पहिल्यापासून सभ्य आहेत. मग त्यांनी विचारलं, "छान आहे. पण ही कुठे आहे?"

"कोण?" कानसेनने विचारलं.

"तुझी काकू."

कानसेनने यंत्राची माहितीपुस्तिका उघडली. "मोठे काका, यंत्राने व्यत्यय ओळखून काढून टाकलाय. वारा, हॉर्न, गाडीची घरघर, आणि मुख्य स्वराला समांतर जाणारा एक अनियमित ध्वनी."

आईचं वर्णन म्हणून त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पण माझ्या फोनमध्ये ती नव्हती, तिच्या फोनमध्ये नव्हती, आणि आता या दहा हजार गाण्यांच्या जागेतही नव्हती. बाबा चष्मा पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

तेव्हा काका उठले. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काढून टाकला म्हणजे? कोणाच्या मंजुरीने?"

"बाबा, ते आपोआप होतं," कानसेन म्हणाला.

"आपोआप काही होत नसतं. माल टाकाऊ ठरला म्हणून परस्पर फेकता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो, पाहणी लागते, दोघांच्या सह्या लागतात. मी आयुष्यभर मोडकी खुर्चीसुद्धा अशी टाकू दिलेली नाही. काढलेला माल कुठे ठेवलाय ते विचार त्याला."

"यंत्राला कसं विचारू?"

"विचार म्हणतोय ना."

कानसेनने विचारलं. आमच्या घराण्यात एखाद्या नियमाचा कोणाला उपयोग झाल्याची ही पहिलीच नोंद असावी. तळाशी, आत, आणखी आत, "टाकाऊ" नावाचा एक कप्पा होता. त्यात काढलेला सगळा गोंगाट जपून ठेवलेला होता. कानसेनने तो लावला.

वारा आला. दिशादर्शक दिव्याची टिकटिक आली. आणि मग आई आली. मागचं गाणं गेल्यामुळे ती आता एकटीच गात होती, कोणाचाही आधार न घेता, आणि ती किती बेसूर होती ते पहिल्यांदाच नीट कळत होतं.

"अहो, समोर बघा. मी कुठे पळून जाणार आहे."

काकू पदराआड हसली, मग तिने पंखा लावला. कानसेनने कानांवर हात ठेवायला घेतले होते, ते खाली घेतले.

"अख्खा संसार झाला, हिला एक सूर लागला नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे गाडीची किल्ली मागितली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा गाडी काढू लागले. मीही बरोबर जाते. अडचण एकच आहे. आई ज्या रस्त्यावरच्या सूचना देते तो रस्ता वेगळा, आणि आम्ही असतो तो वेगळा. बाबांना हा तपशील महत्त्वाचा वाटत नाही. ती म्हणाली "आता डावीकडे", की ते डावीकडे घेतात. परवा आम्ही अशाने सिमेंटच्या गोदामाच्या फाटकापाशी पोचलो.

पहारेकरी खिडकीशी आला. "कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडे नाही," बाबा म्हणाले. "हिने डावीकडे सांगितलं."

पहारेकऱ्याने आत माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात यंत्रातून आवाज आला, "सांगत होते ना, विचारा कोणाला तरी. पण विचारतील तर शपथ."

पहारेकऱ्याने जरा विचार करून फाटक उघडलं. "आत वळवून घ्या, इथे जागा नाही. माझ्या घरीपण असंच आहे."

इथे ही खरेदी यशस्वी म्हणून मिटायला हवी होती. पण "टाकाऊ" कप्प्यातला माल बाहेर काढता येत नाही, फक्त ऐकता येतो. कानसेनने समोर फोन धरून तो पुन्हा टिपून पाहिला. त्याच्या महागड्या फोननेही गोंगाट आपोआप गाळला आणि उत्तम दर्जाची शांतता हातात दिली. शिवाय माहितीपुस्तिकेत लिहिलंय की यंत्राची पुढची सुधारणा आली की हा कप्पा रिकामा होईल. सुधारणा घेण्यासाठी काही करावं लागत नाही. कंपनीच्या कुठल्याही दुकानावरून गाडी गेली की ती हवेतून शिरते. बाबा सध्या त्या रस्त्यांना वळसा घालतात. पण दुकानं वाढताहेत.

म्हणून मी कंपनीला कळवलं की या यंत्रात माझ्या आईचा आवाज आहे, तो कृपया पुसू नये. उत्तर लगेच आलं. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. आपली तक्रार "यंत्रातून नको असलेला आवाज येतो" या वर्गात नोंदवण्यात आली आहे. पुरेशा ग्राहकांनी दुजोरा दिल्यास सुधारणा ताबडतोब सर्वत्र पाठवली जाईल.

तेव्हापासून ती तक्रार लोकांच्या पडद्यांवर फिरते आहे. चौकोनी पाटी, वर माझा मजकूर पहिल्या अडीच शब्दांपुरता, खाली "मलाही हीच अडचण आहे" असं बटण. ज्यांच्याकडे हे यंत्रच नाही त्यांच्याही पडद्यावर ती येते, कारण मत सगळ्यांचं मोलाचं असतं. दुजोरा देणाऱ्यांचा आकडा मी रोज सकाळी पाहते आणि तो रोज वाढलेला असतो. माझ्या आईचा आवाज इतक्या लोकांना नकोसा आहे हे मला पटत नाही. ती एवढ्या लोकांना भेटलेलीच नव्हती.

मागच्या आठवड्यात तुम्ही घाईत काहीतरी वाचत असताना मध्येच एक पाटी आली होती. ती बाजूला करायला तुम्ही जे दाबलंत, त्यावर काय लिहिलं होतं?