शकूमावशीचं इटलीतलं गावजेवण

जगात कुठंही गेलं तरी वऱ्हाडीतच बोलायचं, असा आमच्या शकूमावशीचा नेम आहे. इटलीत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं चौकातल्या पोलिसाला गाठलं आणि विचारलं, "काहो भाऊ, ते गावजेवणाचं कुठी चालू आहे?" सोबत हातानं घास घेऊन दाखवला. पोलिसानं टोपी सारखी केली आणि आम्हाला थेट स्वयंपाकाच्या मांडवात नेऊन सोडलं.

"पाह्यलं?" मावशी मला म्हणाली, "तू उगाच त्या मोबाइलले इचारत बसली व्हती."

मावशी अमरावतीच्या शाळेत गणित शिकवायची. मी तिची भाची, अकोल्यात जठारपेठेत राहते. माझी मुलगी दक्षिण इटलीत नोकरीला आहे. डोंगरमाथ्यावरच्या एका गावात तिचं घर. तिनं आम्हा दोघींना बोलावलं, तेव्हा मी व्हिसा, थंडी, गुडघे अशी काळजी करत बसले आणि मावशी बॅग भरून मोकळी झाली. चिवडा-चकली काही घेऊ दिलं नाही. "अमरावतीचंच खायचं त मंग तिकडं कायले जायाचं?"

तिथं मटण-मासळी सोडून दिसेल ते ती खायची. मेंढीच्या दुधाचं चीज तोंडात घोळवून तिनं निकाल दिला, "खरवसाले राग आला त असा लागंल," आणि आणखी एक तुकडा मागितला. लसूण चोळलेल्या भाजक्या पावावर दुकानदार तेल ओतत होता, तर त्याच्या हातातली बाटली घेऊन तिनं स्वतःच धार धरली. "हात आखडू नको बापू." गावाबद्दल तिचं मत असं: "चिखलदराच आहे हा. फक्त धुतलेला."

तर त्या दिवशी गावाच्या देवीचा, म्हणजे मरियमचा, उत्सव होता. संध्याकाळी मूर्ती खांद्यावरून मिरवायची आणि मग चौकात सगळ्या गावाचं जेवण. मांडवात बायका लांब टेबलाभोवती कणीक मळत होत्या. त्यांतली एक काळ्या कपड्यातली म्हातारी बारीक सळईवर कणकेची पट्टी गुंडाळायची आणि अलगद ओढून काढायची. मावशी जागेवरच थांबली.

"अवं, हे त सरगुंडे!"

आमच्याकडं लग्नाआधी बायका जमून काडीवर असेच सरगुंडे वळतात. मावशीसारखा हात अख्ख्या घराण्यात कोणाचा नाही. तिनं पदर खोचला आणि म्हातारीशेजारी जागा केली. म्हातारीचं नाव रोझा. एकीचं इटालियन, दुसरीचं वऱ्हाडी. पण दोघींच्या गप्पा कुठं अडल्या नाहीत.

थोड्या वेळानं रोझानं फुलं घातलेलं एक तबक पुढं ओढलं. हे देवीपुढं ठेवायचं, एवढं मलाही कळलं. तिनं सळई मावशीच्या हातात दिली: पहिला तू कर.

मावशी एकदम उठली. "थांबा, माह्यी शाल बाहीर राह्यली," म्हणून निघूनच गेली. शाल तिच्या खांद्यावर होती.

मी ओळखलं. घरच्या लग्नात पहिला सरगुंडा सवाष्णी करतात, आणि मावशीचे यजमान जाऊन खूप वर्षं झाली. तिला कोणी ऊठ म्हणत नाही. तिलाच नेमके त्या वेळी गच्चीवरचे पापड उलटवायचं आठवतं. खाली हसणं-खिदळणं होतं, सवाष्णींचं आटोपतं, आणि मग उरलेला सगळा गोळा मावशी एकटी वळते.

रोझा तिच्यामागं गेली, मीही गेले. मावशी बाहेर पायरीवर बसली होती.

"बाई, मले मालक नाही," रिकाम्या गळ्यावर बोट ठेवून ती रोझाला समजावून सांगत होती. "देवीचं काम आहे. तुमाले मालूम नाही म्हणून सांगतो."

रोझानं क्षणभर पाहिलं. मग स्वतःच्या काळ्या झग्याची बाही चिमटीत धरून दाखवली, गळ्यातल्या साखळीत ओवलेली पुरुषाची अंगठी दाखवली, आणि वर आकाशाकडं बोट केलं. तिचाही नवरा गेलेला होता. आणि तरी देवीचं तबक तिच्याच हाती होतं.

मावशीनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रोझानं तिला दंडाला धरून उठवलं आणि आत आणलं.

पहिला सरगुंडा वाकडा झाला. रोझानं तो मोडला नाही, तसाच फुलांवर ठेवला. दुसरा सरळ आला. मग मावशी मान खाली घालून भराभर वळत राहिली. मध्येच नाक ओढून मला म्हणाली, "उभी कायले राह्यली? बस इथं. तुले बी शिकवतो."