पिशवीमागे एक मूठ

"यंदा मागच्या खोलीचं दार उघडायला जागा उरणार नाही, इतकी धिंगरी अळंबी येईल," घड्याळजीने जेवताना जाहीर केलं. बायको आणि म्हातारे वडील खाली बघून जेवत राहिले. आई गेल्यापासून त्या घरात बोलणं औषधापुरतं उरलं होतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं असं त्याने धरून चालायचं.

दुरुस्तीला घड्याळ कुणी आणेनासं झालं आणि दुकान बसलं. आता हे पहिलं पीकही फसलं, तर मेव्हण्याच्या गोदामावर पहारेकरी म्हणून परगावी जायचं ठरलेलं. त्याने जावं असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. बोललं मात्र कुणी नाही.

अळंबी शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, नत्रासाठी पिशवीमागे गव्हाचा कोंडा एक मूठ, वर चिमूटही नको. हा तर स्क्रूला अर्धा आटा जास्त न देणारा माणूस. उकडून निथळलेल्या पेंढ्यात त्याने बियाणं मिसळलं, प्रत्येक पिशवीत एकच मूठ कोंडा टाकला आणि तोंडं बांधायला सुतळी आणायला गेला.

थोड्याच दिवसांत पिशव्या तापल्या. हात लावावा तर अंगात ताप असलेल्या पोरासारख्या लागत. मग आत हिरवी बुरशी धरली आणि नाकाला झोंबणारा वास सुटला. शेजारीण दारात येऊन हळूच विचारून गेली, म्हातारे बरे आहेत ना?

बाई नाकाला रुमाल लावून आल्या. "नत्र जास्त झालंय. कोंडा किती टाकलात?"

"एक मूठ," घड्याळजी छातीवर हात ठेवून म्हणाला.

बायको भिंतीकडे बघत म्हणाली, "मीपण एक टाकली. तुम्ही सुतळी आणायला गेलात तेव्हा. म्हटलं, जोमाने येऊ दे, तुम्हाला जायला नको."

कॉटवर वडील खाकरले. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून तोंड उघडलं नव्हतं.

"माझ्या दोन," ते म्हणाले.

त्याने सगळ्या पिशव्या लांब नेऊन पुरल्या. एक कमी भरली, पण आता मोजून तरी काय करायचं होतं?

निघायच्या सकाळी वडिलांनी ती पिशवी आपल्या पांघरुणातून बाहेर काढली. अजून कोमट होती.

"तिकडे गारठा असेल," ते म्हणाले. "पोटाशी धरून बस."

त्याला नाही म्हणवेना. डोळ्यांना पाणी आलं, ते वासामुळे आलं असं त्याने बायकोला सांगितलं. बसमध्ये माणसं दारापर्यंत उभी होती. त्याच्या शेजारची जागा मात्र शेवटपर्यंत रिकामी राहिली.