गुणवंतभाऊंची देवडी

सर्व नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आमच्या गावच्या संग्रहालयात शिरण्यापूर्वी प्रत्येकाने मोठ्याने खाकरणे सक्तीचे आहे.

हुकूम सरकारचा नव्हे, गुणवंतभाऊंचा. कोटाच्या वेशीला लागून पहारेकऱ्यांची जुनी देवडी आहे. तिथे भाऊंनी गावातल्या आणि आसपासच्या जुन्या वस्तू मागून आणून मांडल्या होत्या. न खाकरता पाऊल टाकलं, की मलाही दारातच अडवत. "मास्तर, मोठी मानसं झोपली हायेत आत. दचकतीन ना!" मोठी माणसं म्हणजे एक कट्यार, ज्याला आम्ही गंज म्हणतो ते तांब्याचं मोठं पातेलं आणि बैलांच्या घुंगुरमाळा.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. देवडीत संग्रहालय ठेवायचं की धान्याचं गोदाम करायचं, हे ठरवायला यवतमाळहून साहेब येणार होते. त्या सकाळी मी देवडीत शिरलो आणि खाकरायचंच विसरलो. फळ्या रिकाम्या!

"भाऊ, चोरी झाली?"

"चोरी कायले होते? लगनसराई हाये."

ज्याची वस्तू, त्याच्याकडे लग्न निघालं की भाऊ ती खुशाल परत देत. गंज वरणासाठी गेला होता, घुंगुरमाळा तांड्यावरच्या वऱ्हाडाच्या बैलांना, आणि कट्यार बोरी अरब गावच्या नवरदेवाला, टोकाला लिंबू खोचून मिरवायला.

"अहो, आज साहेब येऊन राह्यले!"

"मंग नवरदेवाले काय नुसता लिंबू देऊन उभा करू?"

एवढ्यात वेशीत जीप थांबली. साहेब तडक आत आले. भाऊंनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. साहेब खाकरले बिचारे, आणि पुन्हा आत आले.

"हे कट्यार. मूठ पाहा, चांदीची." साहेब रिकाम्या फळीवर वाकले. "हा गंज. जरा सरका, लागन." साहेब सरकलेसुद्धा! मग एकदम ताठ झाले.

"थट्टा चालवली आहे? इथे काहीही नाही!" त्यांनी खूण केली. शिपायाने खिशातून टेप काढला आणि भिंतीची लांबी मोजू लागला. गोदामाची.

भाऊंना घरी ना बायको, ना भाऊबंद. दिवस उगवला की देवडी, मावळला की देवडी. ते त्या टेपकडे बघत राहिले. हुशारी कुठल्या कुठे गेली. वस्तू लग्नघरी दिल्या आहेत, हे शेवटी मीच सांगितलं.

"संग्रहालयातल्या वस्तू अशा कुणी वाटतं का?" साहेब कडाडले. "कशाला देता?"

भाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि बोलून गेले,

"नाही देल्ल्या तं मले लग्नाले कोन बलावन, साहेब?"