ब्रेकचं सासर

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. तोवर मी साऱ्या औंधात छातीठोकपणे सांगायची, "मी जमवलेली एक तरी सोयरीक मोडलेली दाखवा, चहा सोडते!"

नात राजनंदिनीचं लग्नही मीच ठरवलं होतं. तासगावचा धैर्यशील. घरचा द्राक्षमळा, घरचे बेदाणे आणि पोरगाही बेदाण्यासारखाच मऊ. साखरपुडा त्यांच्या दारात होता. भावकी मागून टेंपोनं येणार होती. पुढच्या गाडीत मी, आमचे सुभेदार आणि गाडी चालवायला खुद्द नवरी!

विट्याजवळ तिनं ब्रेक दाबला आणि किंचाळली, "आजी, पायाखाली थरथरतंय!"

स्टिअरिंगसमोर लाल दिवा लागला. कुंकवाचा गोल काढून आत उभी रेघ ओढावी, तसा.

सुभेदारांनी उतरून डॉक्टरसारखा चाकाला कान लावला. "लष्करात ट्रक चालवलेत मी. चाक बोलतं माझ्याशी!"

"काय म्हणतंय?"

"तेल घाल म्हणतंय."

तेल घातलं. दिवा तसाच! शेवटी हळूहळू गॅरेज गाठलं. इंद्रजित मेस्त्रीनं गाडीला मशीन जोडलं आणि मान हलवली, "मागच्या चाकाचं सेन्सर गेलंय. नवं बसवतो. तासभर लागंल."

उशीर होणार म्हणून सुभेदारांनी नवऱ्यामुलाच्या आजोबांना, आप्पासोंना, फोन लावला. आमचे हे फोनवर असे ओरडतात, की फोन नसता तरी तासगावला ऐकू गेलं असतं. पण आप्पासोंचा एक कान ट्रॅक्टरनं खाल्लेला, आणि दुसरा त्याच वाटेवर.

"आप्पासो, घोटाळा झाला! सेनसर खराब निघालं!"

"काय निघालं?"

"सेनसर, सेनसर! पोरीला पाय ठेवल्याबरोबर कळलं!"

"आवं, तिनं अजून पाय कुटं ठेवलाय?"

"इथं विट्यात इंद्रजित मेस्त्रीनं मशीन लावून बघितलं. आता बदलल्याबिगर फुडं जायाचं न्हाई!"

फोन कट झाला. मी तिथंच बसून चहा पीत होते. मला यात काहीच वावगं वाटलं नाही!

तासाभरात दोन जीपगाड्या धुरळा उडवत गॅरेजच्या दारात थांबल्या. पुढच्या जीपमधून आप्पासो उतरले. मिशा ताठ, हातात साडी आणि साखरेचा पुडा. मागं त्यांची सून मंगल, आणि तिच्यामागं तिचा रडवेला पोरगा धैर्यशील.

"ही घ्या तुमच्या पोरीसाठी घेतलेली साडी!" आप्पासो गरजले. "आमच्या घराला खराब म्हणताय व्हय? आन् पोरीचं सासर मेस्त्रीकडनं तपासून घेता?"

"सासर?" सुभेदार गोंधळले.

"नवं सासर बघितलं असंल की!"

"व्हय," गाडीखालून मेस्त्री खुशीत ओरडला, "बसवलं सुद्धा!"

मंगलनं डोळ्यांना पदर लावला. माझा दुसरा चहा हातातच थंड झाला. आयुष्यभराचा चहा आता सुटणार!

तेवढ्यात राजनंदिनी हसत सुटली. तिनं जुनं सेन्सर उचलून आप्पासोंच्या हातावर ठेवलं. सुपारीएवढं काळं बोंडूक आणि त्याला वायर. "आजोबा, हे खराब निघालं. सेन्सर!"

आप्पासोंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मंगलच्या हातात दिलं. "एवढंसं सासर?"

"लय नाजूक असतंय, पावनं," मेस्त्री म्हणाला. "जपावं लागतंय."

मागून आमचा टेंपोही येऊन थांबला. सगळे पाहुणे तिथंच, मुहूर्त टळत आलेला, आणि साडी-पुडा आप्पासोंच्याच हातात! गाडीच्या बॉनेटवर शाल अंथरली आणि साखरपुडा उरकला. हळदीकुंकवासोबत मंगलच्या बोटाचं ग्रीसही नवरीच्या कपाळाला लागलं.

राजनंदिनी तासगावात सुखात आहे. फोन केला की आधी सांगते, "आजी, सेन्सर ठणठणीत!" धैर्यशील अजून मऊच आहे. आप्पासोंनी कानाला मशीन लावलं, पण सुभेदारांचा फोन आला की ते काढून ठेवतात. गाडीतला दिवा मधूनच पुन्हा लागतो. सुभेदार म्हणतात, तेल घाल म्हणतंय.

आणि लग्नाळू पोरापोरींचे आईबाप अजूनही माझ्याकडे येतात. चहा पितात, गप्पा मारतात, आणि जाताना हळूच विचारतात, "त्या मेस्त्रीचा नंबर मिळंल का? त्याच्याकडं सोयरीक लवकर जमती म्हणं!"