उपकेंद्रापुढची कमान

कोट्यधीशांवर जादा कर बसला, पैसा जमा झाला आणि तो कसा खर्चावा हे जनतेलाच विचारावे असे ठरले. त्यानुसार मोताळ्याजवळच्या आमच्या गावात तालुक्याच्या मार्तंड साहेबांनी सभा घेतली. कराबाबत कळताच गावाने टाळ्या वाजवल्या. जिनिंगवाल्या गोकुळशेठांचे सगळे उत्पन्न कागदोपत्री शेतीचे असल्यामुळे टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

गावची आशा सेविका धम्मशीला उठली. "साहेब, उपकेंद्राले इमारत हाये, कुलूप हाये, फक्त नर्स नाही. शाहजादीले नववा लागला. बाळंतपणाले ऑटोत घालून मोताळ्याले न्या लागते. आम्हाले नर्स द्या."

"मागणी रास्त आहे," साहेब म्हणाले, "पण नर्सला दरमहा पगार लागतो. पुढच्या वर्षी श्रीमंतांची कमाई घटली तर? शिवाय ज्यांनी पैसा दिला त्यांना तो दिसायला हवा. नर्स रस्त्यावरून दिसत नाही."

"मंग काय दिसते?"

साहेबांनी परिपत्रक उघडले. दिसणाऱ्या बाबी दोन होत्या : कारंजे आणि कमान. कारंज्याला पाणी नव्हते. मतदान झाले. कमानीला दोनशे बारा हात, नर्सला एक. शाहजादीच्या नवऱ्याचा, बिलालचा हातही कमानीसाठीच वर होता.

धम्मशीलाने त्याला बाहेर गाठले. "काऊन रे बिलाल? तुले तरी समजाले पायजे होतं!"

"ताई, सगळ्यायनं हात वर केला. अन् कमानीवर मले गिट्टीचं काम भेटून राह्यलं." बोलताना त्याने मान खालीच ठेवली.

उपकेंद्रासमोर, रस्त्यावर, तीन आठवड्यांत कमान उभी राहिली. उद्घाटनाच्या सकाळीच शाहजादीला कळा सुरू झाल्या. ऑटो कमानीपाशी आला, तर आडवी लाल फीत.

"पाहुणे खामगावहून निघालेत," साहेब म्हणाले. "फीत त्यांनीच कापायची."

"साहेब, सोडा हो! मरून जाईन शाहजादी!" बिलालने हात जोडले.

"मला तसे अधिकार नाहीत."

धम्मशीलाने तबकातली कात्री उचलली, फीत कापली आणि ऑटोत चढली. मोताळा यायच्या आत, ऑटोतच, तिच्या हातांवर मुलगी जन्मली. रक्त बरेच गेले, पण दोघी बचावल्या. बिलाल रस्त्याच्या कडेला बसून लहान लेकरासारखा रडला.

आठवड्याने धम्मशीलाला नोटीस आली : अनधिकृत उद्घाटनाबाबत खुलासा सादर करावा. खुलाशावर तिच्या बाजूने बिलालने सही केली. बाकी गाव त्या दिवशी शेतात होते. साहेबांच्या अहवालात मात्र 'कमानीचे थेट लाभार्थी : दोन' अशी नोंद झाली आणि या यशामुळे नर्स नसलेल्या आणखी अकरा गावांना कमानी मंजूर झाल्या.

बातमी फोटोसह छापून आली. वाचणारे हळहळले, मग त्यांनी कमानीला खर्च किती आला, ते विचारले.

आपणही हळहळला असाल. आपल्या गावच्या कमानीवर कोणाचे नाव टाकायचे, ते सोमवारपर्यंत कळवावे.